कुरतडणाऱ्या कुत्र्याला काय द्यावे?

जिवतीच्या डोंगरपट्टीत कुत्रे म्हणजे घरचे एक माणूसच. पीक उभे राहिले की रानडुकरांच्या भीतीने रात्री जागलीला जावे लागते. तेव्हा धन्याच्या पायाशी तेच कान टवकारून बसते. पण हेच कुत्रे लहानपणी वहाणा फाडते, बैलाचा कासरा तोडते, बाजेची सुतळी ओढते. मग घरात ओरड होते. कोणी काठी उचलतो, कोणी पिल्लू लांब नेऊन सोडतो. यात कुत्र्याचा दोष थोडा असतो.

पिल्लाला दुधाचे २८ दात असतात. ते चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सातव्या महिन्यापर्यंत ४२ पक्के दात येतात. त्या काळात हिरड्या शिवशिवतात व जे सापडेल ते चावावेसे वाटते. मोठे कुत्रेही दिवसभर साखळीला बांधले, तर कंटाळून कुरतडते. ही सवय मारून जात नाही. त्याला त्याच्या हक्काची वस्तू द्यावी लागते.

आधी काय देऊ नये ते पाहू. शिजवलेले हाड देऊ नये. त्याच्या टोकदार कपच्या होतात आणि घशात किंवा आतड्यात रुततात. बांबूचा तुकडा आणि पऱ्हाटीचे खुंट यांचेही तसेच. आंब्याची कोय आणि मक्याचे दाणे काढलेले कणीस आपण सहज अंगणात टाकतो. पण ते गिळले तर आतड्यात अडकते व पोट चिरण्याची पाळी येते. सायकलचे जुने टायरही नको, त्यात तार असते. जुनी वहाण तर मुळीच देऊ नये. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे कुत्र्याला कसे कळणार?

चितळ व सांबर यांची शिंगे दरवर्षी गळतात आणि जंगलात पडलेली सापडतात. परदेशात कुत्र्याला चावायला हरणाचे शिंग देतात, हे खरे. पण आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गळालेले शिंगही घरी आणणे गुन्हा आहे. शिवाय ते इतके कठीण असते की दाढ फुटते. ते होते तेथेच राहू द्यावे.

मग द्यावे काय? ज्वारीची भाकरी कडक वाळवून द्यावी. मोठे कच्चे गाजर द्यावे. अंबाडीच्या किंवा तागाच्या दोराची तीनपदरी जाड वेणी घालून दोन्ही टोकांना मुठीएवढ्या गाठी माराव्या. ही वेणी आपण जवळ असतानाच द्यावी. धागे सुटू लागले की टाकून नवी करावी, कारण गिळलेला धागा आतड्याला पीळ घालतो.

फारच जबर दातांच्या कुत्र्याला शहरातून जाड, पोकळ रबरी खेळणे आणावे. याची गोष्ट गमतीची आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात जो मार्कहॅम यांचे फ्रिट्झ नावाचे कुत्रे दगड चावून दात झिजवीत असे. मार्कहॅम गाडी दुरुस्त करीत असता फ्रिट्झने गाडीचा एक रबरी भाग पळवला आणि दगड सोडून तेच चावू लागला. त्यावरून ‘काँग’ हे रबरी खेळणे निघाले. त्याच्या पोकळीत वरणात कालवलेली भाकरी भरली की कुत्रे बराच वेळ त्यात रमते. वरणात कांदा-लसूण व तिखट नसावे. कांदा-लसूण कुत्र्याला बाधतात.

वस्तू निवडताना दोन खुणा ध्यानात ठेवाव्या. नखाने दाबल्यावर थोडी दबली पाहिजे, आणि ती सबंध तोंडात मावता कामा नये. कुत्र्याने वहाण पकडली तर हिसकू नये. त्याची वस्तू पुढे करून बदली करावी. आणि वहाणा उंचावर ठेवाव्या, हे घरच्या मंडळींचे काम.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कुरतडणाऱ्या कुत्र्याला फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली फार आवडते, कारण ती मऊ असते. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. जे माणसाला मारते, ते कुत्र्याला कसे सोडेल? आणि तीच बाटली ओढत कुत्रे अंगणात आणते, जिथे आपली लेकरे खेळतात. बाटली रिकामी झाली की तीनदा खळखळून ते पाणी पंपातच ओतावे, बाटलीला भोके पाडावी आणि ती घरापासून दूर, बंदोबस्तात ठेवावी. कुत्र्याच्या तोंडाला फेस आला किंवा अंग थरथरू लागले तर मीठ-पाणी पाजत बसू नये. बाटली पिशवीत घालून कुत्र्यासह ताबडतोब जनावरांच्या दवाखान्यात जावे.

वाचून झाल्यावर गोठ्यामागे आणि धुऱ्यावर एक फेरी मारा. अशी एखादी बाटली पडलेली असली, तर कुत्र्याच्या आधी तुम्ही उचला.