फाइल नको, प्रश्न पाठव

‘मॅडम, तुमच्या हॅसेपची फाइल पाठवाल का? पुढच्या आठवड्यात ऑडिट आहे.’ हा निरोप मला सारखा येतो. कधी तासगावच्या बेदाण्याच्या युनिटमधून, कधी नैरोबीहून, कधी मनिलाहून. पाठवणारी मुलं विशीतली असतात. अन्नतंत्राची पदवी नुकतीच हातात पडलेली, क्वालिटी विभागातली पहिलीच नोकरी, आणि वरिष्ठांनी टेबलावर एक रिकामी फाइल ठेवून सांगितलेलं, ‘हे भरून टाक.’ हॅसेप म्हणजे अन्न बनवताना कुठल्या पायरीवर काय धोका आहे आणि तो कसा रोखायचा, हे ठरवण्याची पद्धत.

अन्नसुरक्षेचं काम करणाऱ्यांची जगभर पसरलेली एक बिरादरी आहे. मी डबाबंद फळांच्या कारखान्यात लागले, तेव्हापासून तिच्यात आहे. आयर्लंडच्या दूध डेअरीतला माणूस आणि रत्नागिरीच्या मासळी कारखान्यातली मुलगी एकमेकांना कधी भेटणार नाहीत, पण लिस्टेरिया या जिवाणूची धास्ती दोघांनाही सारखीच. ही माणसं मनाने मोठी आहेत. ओळखदेख नसताना रात्री उशिरापर्यंत जागून उत्तरं लिहितात. स्पर्धक कंपनीचा माणूस असला तरी हात आखडत नाहीत, कारण एका कारखान्याच्या मालाने माणसं आजारी पडली की गिऱ्हाईक त्या सगळ्याच मालाकडे पाठ फिरवतं. नव्याने येणाऱ्यांसाठी हे दार सताड उघडं आहे, याचा मला अभिमान वाटतो.

तरीही मागताक्षणी तयार फाइल पाठवून देणं थांबवलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. ही मदत दिसायला चांगली, पण तिने नव्या माणसाचं नुकसान होतं, आणि कधी कधी खाणाऱ्याच्या जिवावर बेततं.

आंब्याच्या रसाचंच घ्या. रसाचा पीएच साधारण ४ च्या आसपास असतो. बोटुलिझमचं विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तग धरतात, पण पीएच ४.६ च्या खाली असेल तर त्यांची वाढ होत नाही. म्हणून रसाचे डबे उकळत्या पाण्याच्या तापमानावर काढले तरी चालतात. मटाराचा पीएच ६ च्या आसपास. तिथे रिटॉर्टमध्ये दाबाखाली १२१ अंशांची उष्णता, ठरलेल्या वेळेपर्यंत, द्यावीच लागते. आता रसाच्या कारखान्यातली फाइल मटाराच्या कारखान्यात गेली, नाव बदललं, सही झाली, तर कागदावर सगळं चोख दिसेल. आत विष तयार झालं, तरी डबा फुगलेला दिसेलच याची खात्री नाही.

हे काल्पनिक भय नाही. फरसाण तळणाऱ्या एका युनिटच्या आराखड्यात मी दूध पाश्चराइज करण्याची पायरी वाचली आहे. तिथे दुधाचा थेंब येत नव्हता. ज्याची फाइल उचलली, त्याची डेअरी होती. त्याच आराखड्यात तिळाचा उल्लेख मात्र नव्हता, आणि माल होता चकली, अमेरिकेला जाणारी. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून तीळ प्रमुख ॲलर्जनांच्या यादीत आहे. वेष्टनावर तसं लिहावंच लागतं. आपल्या घरात संक्रांतीला लहानग्याच्याही हातावर तिळगूळ ठेवतात. त्याच तिळाने कुणाचा श्वास कोंडू शकतो, हे इथल्या बावीस वर्षांच्या मुलीच्या मनात येणार कुठून? ते तिला कुणीतरी सांगायला हवं.

त्या युनिटमध्ये पुढे एक नवी मुलगी रुजू झाली. परभणीच्या अन्नतंत्र महाविद्यालयातून शिकलेली. तिनेही फाइलच मागितली. मी तिची गाठ शिकागोत स्नॅक्सच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका बाईंशी घालून दिली. त्यांनी काहीही पाठवलं नाही. एवढंच विचारलं, ‘चकलीनंतर त्याच तेलात दुसरं काय तळता?’ मुलगी उत्तर शोधायला लाइनवर गेली. दिवसपाळीत आधी शंकरपाळे तळत आणि मग चकली. रात्रपाळीत मात्र नेमका उलटा क्रम. शंकरपाळ्यांच्या पाकिटावर तिळाचं नाव नव्हतं. चकलीच्या साच्याच्या भोकांत अडकलेले तीळ तिने सुईने काढून पांढऱ्या कागदावर ठेवले, फोटो काढला आणि तिकडे पाठवला. तळणीचा क्रम बदलला, शंकरपाळ्यांसाठी वेगळी कढई आली, साचा धुण्याची पद्धत बदलली. शिकागोच्या बाईंना चकलीचा साचा उघडून धुतात कसा हे ठाऊक नव्हतं, ते या मुलीने त्यांना शिकवलं. बिरादरीत येणं मी याला म्हणते. फाइल मिळाली असती तर ती मुलगी खुर्चीतून उठलीच नसती.

मुळात हॅसेपची पद्धतच प्रश्नातून जन्मली. १९६० च्या सुमारास अंतराळवीरांसाठी अन्न बनवताना पिल्सबरी कंपनीचे हॉवर्ड बाउमन, अमेरिकी लष्कराची नेटिकची प्रयोगशाळा आणि नासा यांच्यापुढे अडचण होती ती अशी: तयार अन्न तपासून खात्री करायची, तर बरंचसं अन्न तपासणीतच संपतं. म्हणून त्यांनी प्रत्येक पायरीवर थांबून विचारायला सुरुवात केली की इथे काय बिघडू शकतं. अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सने १९९३ मध्ये ही पद्धत जगासाठी स्वीकारली आणि ती प्रत्येक ठिकाणच्या कामाला स्वतंत्रपणे लावा, असंच सांगितलं. दुसऱ्याचं उत्तर उतरवून घेण्याची सोय तिच्यात नाही.

जर्मनीत २०११ साली काय झालं ते नव्या मुलांना मी आवर्जून सांगते. ई. कोलायच्या साथीत ४ हजारांच्या आसपास माणसं आजारी पडली, ५० हून अधिक दगावली. सुरुवातीला बोट गेलं कच्च्या सॅलडकडे आणि स्पेनच्या काकड्यांकडे. काकडी विकली जाईना, शेतकरी बुडाले. पुढे तपास करणाऱ्यांनी एका उपाहारगृहात जेवून आजारी पडलेल्यांना काय खाल्लं हे तर विचारलंच, शिवाय आचाऱ्यांना गाठलं आणि कोणत्या पदार्थात काय काय घातलं होतं, ते एकेक करून विचारलं. तेव्हा मोड आलेली कडधान्यं पुढे आली, आणि शेवटी माग लागला तो इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत. चिमूटभर मोड खाल्ल्याचं अनेकांना आठवतही नव्हतं. आचाऱ्याला आठवत होतं.

आपल्या कारखान्यांत हा आचारी म्हणजे निवडणीच्या पट्ट्यावरच्या बाया, बॉयलरवाला, रात्री लाइन धुणारा पोरगा. त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याही फाइलमध्ये नसतं. आणि नेमकं इथेच आपली मुलं कमी पडत नाहीत, कारण ती त्यांची भाषा बोलतात. इंग्रजी कच्चं म्हणून परदेशी सहकाऱ्यांसमोर तोंड न उघडणारी कितीतरी हुशार पोरं मला माहीत आहेत. त्यांना माझं सांगणं आहे, मोडक्या इंग्रजीत विचारा, पण आपल्या लाइनबद्दल विचारा. तिकडचे जाणकार व्याकरण बघत नाहीत. तापमान किती, वेळ किती, मोजलं कुणी, हे बघतात.

मालकांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. नव्या माणसाला आल्या आल्या नोंदवह्या भरायला बसवू नका. आधी तिन्ही पाळ्यांत लाइनवर उभं करा. दुसरं म्हणजे क्वालिटीच्या माणसाला उत्पादन प्रमुखाच्या हाताखाली ठेवू नका. ज्याच्यावर टनांचा हिशेब पूर्ण करायची जबाबदारी आहे, त्याच्याच परवानगीने लॉट अडवायचा असेल, तर पहिल्या नोकरीतलं पोर तो अडवणार नाही.

कोडेक्सचे दस्तऐवज फुकट मिळतात, पण इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश, अरबी, चिनी आणि रशियन या भाषांत. अन्नस्वच्छतेच्या सर्वसाधारण तत्त्वांचा नीट मराठी अनुवाद आपल्या कृषी विद्यापीठांनी करावा आणि तो प्रत्येक लहान युनिटपर्यंत पोचवावा. रात्री लाइन धुणाऱ्या पोराला तो वाचता आला पाहिजे.

तोवर माझ्याकडे फाइल मागणाऱ्याला मी उलट त्याच्याच प्रक्रियेचा आराखडा मागते, हाताने काढलेला, स्वतः चालत जाऊन बघितलेला. काही जण परत येत नाहीत. परवा बेदाण्याच्या युनिटमधल्या एकाने वहीच्या पानावर काढलेला आराखडा पाठवला. खाली प्रश्न होता: मेटल डिटेक्टरनंतर चाळणी का बसवली आहे, आणि तिची तार तुटली तर ते कळणार कुठे? तो मी सहा देशांतल्या सहकाऱ्यांना पाठवला आहे.