नकाशातली इमारत आणि जागेवरची इमारत

आर्किटेक्ट मंडळींची एक तक्रार नेहमी कानावर येते. आम्ही काढतो एक, महापालिका मंजूर करते तेच आणि बिल्डर बांधतो भलतंच! माझा भाचा याच व्यवसायात आहे, त्यामुळे आमच्याकडे ही तक्रार जेवणाच्या ताटावरसुद्धा ऐकू येते. नकाशात जिना ऐसपैस असतो, जागेवर तो अरुंद होतो. पार्किंगच्या जागी दुकानाचं शटर लागतं. विचारलं तर बिल्डरचं उत्तर ठरलेलं, "साहेब, एवढं चालतं."

तक्रार खरी आहे. पण मला ती अर्धीच वाटते.

त्यांची अडचण मला कळते. फी देतो बिल्डर आणि घरात राहायला जातो तिसराच. परीक्षकाचं मानधन विद्यार्थ्याच्या वडिलांनी द्यावं, तसला हा प्रकार. फार ताणून धरलं तर बिल्डर दुसरा आर्किटेक्ट आणतो.

पण "एवढं चालतं" कुठपर्यंत जातं पाहा. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये परवानगी पाच मजल्यांची होती. महापालिकेने काम थांबवायची नोटीस देऊनही मजले चढतच गेले, एक इमारत तर वीस मजल्यांपर्यंत गेली. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले पाडायचा निकाल दिला, तेव्हा रस्त्यावर रडत उभे होते ते राहणारे लोक. नोएडात बागेसाठी दाखवलेल्या जागेवर दोन टोलेजंग मनोरे उभे राहिले. तिथे तर अधिकाऱ्यांनीच बदललेल्या नकाशांना मंजुरी दिली होती. 28 ऑगस्ट 2022 रोजी ते स्फोटकांनी पाडले. आणि घाटकोपरची इमारत 2017 साली कोसळली, सतरा माणसं गेली. तिथे तळमजल्यावर फेरफार चालू होते. ते बिल्डरने नव्हे, नंतर केलेले. म्हणजे नकाशा मोडणारा प्रत्येक वेळी बिल्डरच असतो असंही नाही. बाल्कनी खोलीत घेणारे आणि भिंत हलवणारे आपल्यातच भरपूर आहेत.

आता माझा मुद्दा. आमच्या सोसायटीला अनेक वर्षं भोगवटा प्रमाणपत्र नाही, कारण बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे झालेलं नाही. पहिल्या आर्किटेक्टने मधेच काम सोडलं होतं. का सोडलं, ते त्याने बिल्डरला कळवलं असेल, फाइलीत पत्रही असेल. आम्हाला मात्र ते चार वर्षांनी कळलं, तोवर सगळ्यांचे हप्ते चालू झाले होते! त्या माणसाचा प्रामाणिकपणा मला मान्य आहे, पण आमच्या काय उपयोगाचा? ज्याने आयुष्याची पुंजी ओतली, त्याच्यापर्यंत न पोचलेला निषेध हा फक्त स्वतःची सुटका.

पूर्वी कायदा नव्हता अशातला भाग नाही. महाराष्ट्रात 1963 पासून मोफा कायदा आहे. खरेदीदारांच्या संमतीशिवाय नकाशात बदल करायचा नाही, हे त्यात तेव्हापासून आहे. 2016 च्या रेरा कायद्याने आणखी एक गोष्ट केली. खरेदीदारांच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते काढताना इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए या तिघांचे दाखले लागतात. म्हणजे तिजोरीच्या तीन किल्ल्यांपैकी एक आर्किटेक्टच्या हातात आहे. बांधकाम नकाशाबाहेर गेलं की त्याने दाखला थांबवावा, काम सोडलं तर कारणासह महारेराला आणि खरेदीदारांनाही कळवावं. फी बुडेल हे खरं. त्याची जागा घ्यायला आलेल्या दुसऱ्यानेही सही नाकारली, तरच बिल्डर वठणीवर येईल. हे एकट्याचं काम नव्हे, त्यांच्या संघटनांनी मनावर घ्यायला हवं.

आणि आपण? आपण टाइल्सचा रंग दहा वेळा बघतो, मंजूर नकाशा एकदाही मागत नाही. तो साइटवर लावणं रेरानुसार बिल्डरवर बंधनकारक आहे. घर घ्यायला निघालेल्या माझ्या सगळ्या भाचे-पुतण्यांना हेच सांगणं. सॅम्पल फ्लॅट नंतर बघा, आधी नकाशा मागा आणि तो वाचायला एखाद्या आर्किटेक्टला बरोबर न्या. त्याला फी तुम्ही द्या. मग तो तुमच्या बाजूने बोलेल.

तुमचे अनुभव जरूर कळवा.