नाहीसा झालेला मित्र

दिवाळीच्या सुट्टीत प्राध्यापकाने फराळ करावा आणि दुसऱ्याच्या लेखनावर तांबडी शाई चालवू नये, असा माझा नेम आहे. यंदा तो मोडला. माझी एक जुनी विद्यार्थिनी चकल्यांच्या डब्याबरोबर आपल्या पहिल्या कादंबरीचे बाडही ठेवून गेली. कादंबरी रहस्यमय आहे. बँकेत अफरातफर होते, त्याच रात्री नायिकेचा मित्र नाहीसा होतो, ती बिचारी त्याच्यावर जीव लावून बसलेली; आणि शेवटी कळते की, पैसे त्यानेच लांबवले!

बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार पाठ्यपुस्तकाआड वाचणाऱ्या घरातला मी. एका बैठकीत बाड संपवले. शेवटापाशी मात्र मन अडखळले. कारण असा नाहीसा झालेला एक मित्र मलाही होता.

आमच्या भागाला बँक बुडणे नवे नाही. वाशीम १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, आणि त्या अकोल्याची लक्ष्मी बँक १९६० साली बंद पडली. त्याच वर्षी केरळातली पलाई सेंट्रल बँकही गेली. त्या धक्क्यांनंतर १ जानेवारी १९६२ पासून बँकांतील ठेवींना विमा मिळू लागला. तेव्हा १,५०० रुपयांपर्यंत, २०२० पासून पाच लाखांपर्यंत. पण हे छत्र बँकांपुरतेच. पतसंस्थांना ते नाही. गोरगरिबाला दोन्हींचे काउंटर सारखेच दिसते, त्याला कोण काय करणार?

माझा मित्र अशाच एका पतसंस्थेचा पिग्मी एजंट होता. रोज दारात जाऊन थोडे थोडे पैसे जमवायचे, ही पिग्मीची पद्धत उडुपीच्या सिंडिकेट बँकेची. १९२८ साली ती दोन आण्यांपासून सुरू झाली. हा गडी दुपार कलली की सायकल काढी. बालाजी मंदिराच्या बाजूची दुकाने, चहाच्या टपऱ्या, भाजीवाल्या. कुणाचे दहा, कुणाचे वीस. मुलीच्या लग्नाचे, घरावरच्या पत्र्यांचे, म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे.

एके सकाळी संस्थेचे शटर उघडलेच नाही. नात्यागोत्यात वाटलेली कर्जे केव्हाच बुडाली होती. संचालकांनी वकील गाठले. माझा मित्र मात्र त्याच रात्री घरातून गेला. दुसऱ्या दिवशी सारे गाव म्हणू लागले, "पळाला पैसे घेऊन!" आणि खरे सांगतो, घटकाभर मलाही तसेच वाटले.

वाटले नाही ते एकीलाच. त्याचे लग्न ठरले होते. मुलगी शाळेत शिक्षिका. घरचे म्हणाले, "मोडून टाक." तिने उत्तर दिले नाही. त्याच्या पावत्यांची पुस्तके घेऊन ती दारोदार फिरली आणि प्रत्येकाच्या कार्डाशी आकडे ताडून पाहिले. मग संस्थेत भरणा केल्याच्या पावत्या जुळवल्या. एका रुपयाचा फरक निघाला नाही.

पुढच्या दिवाळीत एका बांगड्यावाल्या मावशीला टपालाने पाकीट आले. आत पाचशे रुपये. नाव ना गाव. शिक्का तेवढा पूर्णेचा. दुसऱ्याच दिवशी शिक्षिका गाडीत बसली. हिंगोली गेली, पूर्णा आली. दोन दिवस तिने तिथली दुकाने पालथी घातली. एका आडत दुकानात तो हिशेब लिहीत बसला होता.

"चोरी केली नाहीस, मग पळालास का?" तिने विचारले.

तो म्हणाला, "लोकांनी संस्थेकडे बघून पैसे दिले नव्हते गं. माझ्याकडे बघून दिले होते."

तिने त्याला परत आणले. काही दुकानदारांनी तोंड फिरवले. त्यांचे तरी काय चुकले? मावशी मात्र म्हणाली, "आला का बाबू? बस मंग, चहा घे." पाचशेची नोट तिने पदराच्या गाठीतून काढून त्याच्या हातावर ठेवली. लग्न झाले. संचालकांवरचा खटला १९९९च्या ठेवीदार संरक्षण कायद्याखाली अजून चालू आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

बाड परत देताना मी विद्यार्थिनीला एवढेच म्हणालो, "चोर शोधायला तुझा पोलीस समर्थ आहे. पण जो नाहीसा झाला, तो चोरच असेल असे धरून चालू नकोस. आपल्या गावांत पुष्कळदा चोर घरीच असतो, आणि ज्याला लाज असते तो गाव सोडतो."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सर, शेवट बदलू?"

मी म्हटले, "आधी त्या शिक्षिकेला भेट. आज लक्ष्मीपूजनाला ती दोघे आमच्याकडेच येणार आहेत."