रस्त्यावरचा खड्डा नेमका कोणाचा?

मुंबईत खड्डा दिसला की आपण महापालिकेला दोष देतो. पण शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नाही. तिच्याकडे सुमारे २,०५० किलोमीटर रस्ते आहेत. काही रस्ते आणि पूल एमएमआरडीए, एमएसआरडीसी, सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्याकडे आहेत. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गही २०२२ मध्येच महापालिकेकडे आले.

सिग्नलचंही तसंच. दुरुस्ती महापालिकेची, पण चालवतात वाहतूक पोलीस. रस्त्याखाली जलवाहिन्या, वीज, गॅस आणि इंटरनेटच्या केबल. एकाची नोंद दुसऱ्याकडे नसेल, तर नवा रस्ताही पुन्हा खोदला जातो.

मग बिघडतं कुठे? जबाबदारी ठरवताना.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला: खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई. ही रक्कम नंतर दोषी अधिकारी किंवा कंत्राटदाराकडून वसूल करायची आहे.

पण दोषी कोण, हे कसं ठरणार? रस्ता कोणाचा, कोणत्या कंत्राटदाराने बांधला, हमी कालावधी कधी संपतो, शेवटचं खोदकाम कोणी केलं, हे एकाच नकाशावर हवं. तोही सर्वांना पाहता येईल असा. नाहीतर भरपाई जाईल आपल्याच करातून, आणि खड्डा बुजवणाऱ्याला पुढचं कंत्राटही मिळेल.

म्हणून खड्ड्याचा फोटो टाकताना ठिकाण आणि तारीखही लिहा. पुरावा तिथूनच सुरू होतो.