पोरांना बोलू द्या, कायदा त्यांच्याच जगण्यावर आहे!

फिलिपिन्समध्ये २००० नंतरच्या दशकात स्टुडिओ २३ या वाहिनीवर ‘वाय स्पीक’ नावाचा कार्यक्रम गाजला. बियांका गोन्झालेझ आणि रायन अगोन्सिलो हे तरुण सूत्रसंचालक तो चालवत. स्टुडिओत दोन बाजूंना तरुण मंडळी, मध्ये एक सामाजिक प्रश्न. एक बाजू होय म्हणणार, दुसरी नाही. वयाने मोठ्यांनी तरुणांविषयी बोलायचे आणि तरुणांनी खाली मान घालून ऐकायचे, ही रीत तिथे उलटी केली होती.

अशा कार्यक्रमांवर ठरलेला आक्षेप असतो: ‘पोरांना काय कळतंय? संवेदनशील विषय असे चव्हाट्यावर आणायचे नसतात.’ हा आक्षेप चर्चमधून येतो, तसाच मशिदीतूनही येतो. मला तो मुळीच मान्य नाही आणि त्याचे कारण फिलिपिन्सच्याच कायद्यांत सापडते.

या देशात जवळपास ७९ टक्के लोक कॅथलिक आहेत. व्हॅटिकन सोडले तर जगात घटस्फोटाचा सर्वसाधारण कायदा नसलेला हा एकमेव देश. कोर्टाकडून विभक्त राहण्याची परवानगी मिळते, पण पुन्हा लग्न करता येत नाही. लग्न मुळातच सदोष होते, हे सिद्ध करायचे तर वकिलांवर पैसा आणि आयुष्याची वर्षे खर्ची पडतात. मारझोड सोसणाऱ्या गरीब बाईने हा खर्च कुठून करावा? कनिष्ठ सभागृहाने २०१८ आणि २०२४मध्ये घटस्फोटाचे विधेयक मंजूर केले, दोन्ही वेळा त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

आता याच देशातल्या सुमारे सहा टक्के मुस्लिमांकडे पाहा. त्यांना घटस्फोटाचा हक्क १९७७पासून आहे. त्या वर्षीच्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्याने तलाक, खुला, फस्ख हे सर्व मार्ग मान्य केले आणि त्यासाठी शरिया न्यायालयांची तरतूद केली. विशेष म्हणजे, एकाच तुहरमध्ये म्हणजे दोन पाळ्यांच्या मधल्या काळात कितीही वेळा तलाक म्हटले तरी तो एकच धरला जाईल, असे त्या कायद्यात स्पष्ट लिहिले आहे. एका दमातली तिहेरी तलाक भारतात अवैध ठरायला २०१७ उजाडले. तिथे हे ४० वर्षे आधी झाले होते, तेही शरियतच्या चौकटीत राहून. ‘शरियतला हात लावता येत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आपल्या धर्मधुरिणांनी याचे उत्तर द्यावे.

पण नुसती पाठ थोपटून भागणार नाही. त्याच कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय वयात येण्याशी जोडले. पंधराव्या वर्षी ती वयात आली असे गृहीत धरले जाई आणि वलीने अर्ज केला तर शरिया न्यायालय बारा वर्षांच्या मुलीच्या लग्नालाही परवानगी देऊ शके. बालविवाह गुन्हा ठरवणारा कायदा यायला २०२१ साल उजाडावे लागले. मधल्या ४४ वर्षांत त्या मुलींना कुणी विचारले? कायदा आणला फर्डिनंड मार्कोस या हुकूमशहाने, लष्करी कायदा लागू असताना, मोरो बंडाच्या पार्श्वभूमीवर, एका फर्मानाने. त्यात भले होते ते न मागता मिळाले आणि वाईट होते तेही न विचारता लादले गेले.

बहुसंख्याकांची कथाही वेगळी नाही. प्रजनन आरोग्याचे विधेयक चर्चच्या विरोधामुळे दशकभराहून अधिक काळ रखडले आणि २०१२मध्ये कायदा झाला. त्यातही सरकारी दवाखान्यात अल्पवयीनांना गर्भनिरोधक हवे असेल तर पालकांची लेखी संमती लागते. हाच देश गावपातळीवरच्या युवा परिषदेसाठी पंधराव्या वर्षी मतदानाचा हक्क देतो. म्हणजे तरुणांची अक्कल मतपेटीपुरती ग्राह्य धरायची, स्वतःच्या शरीराची गोष्ट आली की ती नादान!

म्हणून ‘वाय स्पीक’सारख्या मंचाचे मोल मला वाटते. कायद्याचा भार ज्यांच्या खांद्यावर पडतो, त्यांनी तो आधी तोलून पाहावा, एवढीच साधी गोष्ट त्यात आहे. अशा कार्यक्रमाच्या मर्यादाही उघड आहेत. प्रत्येक प्रश्नाचे होय-नाहीत दोन तुकडे होत नाहीत. राजधानीच्या परिसरातल्या स्टुडिओपासून मिंदानाओतली मोरो मुलगी फार लांब असते. शिवाय मंच मालकाचा असतो आणि परवाना सरकारचा. एबीएस-सीबीएन या ज्या समूहाची ही वाहिनी होती, त्याचे प्रक्षेपण २०२०मध्ये परवाना संपताच बंद करावे लागले आणि संसदीय समितीने तो नव्याने द्यायला नकार दिला. बोलण्याची सवय टीव्हीच्या भरवशावर ठेवली की ती अशी एका दिवसात काढून घेता येते.

आपल्याकडे तर त्या सवयीचीच वानवा आहे. १९६६मध्ये हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईत विधिमंडळावर मोर्चा नेला. त्या सात जणी आपल्याच जगण्याविषयी बोलायला रस्त्यावर उतरल्या होत्या. आज वाहिन्यांवर तलाकची चर्चा रंगते तेव्हा एका खिडकीत दाढी-टोपी, दुसऱ्या खिडकीत भगवा गमछा आणि मध्ये किंचाळणारा अँकर. महाविद्यालयात शिकणारी आपली बहीण या चर्चेचा विषय असते, वक्ता कधीच नसते. वाहिन्यांना तिचे कैवारी व्हायचे आहे, जमातीला तिचे राखणदार. दोघांनाही तिचे म्हणणे ऐकायचे नाही.

यावर उपाय टीव्हीकडे मागू नका. जमातखान्यात, उर्दू शाळेच्या वर्गात, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर महिन्यातून एकदा मुला-मुलींना समोरासमोर बसवा. विषय त्यांना ठरवू द्या. निकाहचे वय, मेहर, वारसाहक्क, जातीबाहेरचे लग्न, काहीही. मोठ्यांनी मागच्या रांगेत बसून फक्त ऐकावे. मुलांच्या दोन प्रश्नांनी ज्यांचा दीन डळमळतो, त्यांनी मुलांना गप्प बसवण्याआधी स्वतःच्या ईमानाची चौकशी करावी.