गोरोबांचं थापटणं

करमाडच्या एका वाचकांचं पत्र आलंय. जालना रोडला त्यांची मोसंबीची बाग आहे, बागेत दोन खोल्या आणि पत्र्याचं मोठं शेड. चार मित्रांनी मिळून दिवाळीनंतर तिथे तीन दिवसांचं निवासी शिबिर घ्यायचं ठरवलंय. जप नाही, पारायण नाही, आसनं नाहीत. फक्त ‘मी कोण’ याचा थेट शोध. बाहेरून मार्गदर्शक येणार, तीसेक माणसं जमणार. गावातली जुनी वारकरी मंडळी नाराज आहेत. जन्मभर माळ घालून वारी करणाऱ्याला जे मिळालं नाही ते तीन दिवसांत मिळतं म्हणणं हा भक्तीचा अपमान आहे, असं त्यांचं म्हणणं. पत्रलेखकांनी माझं मत विचारलंय.

अपमान मुळीच नाही. हा मार्ग कुणी परदेशातून आणलेला नाही, तो आपल्या मातीतला आहे, आणि मराठवाड्याच्या तर अगदी अंगणातला. अंबाजोगाईला ज्यांची समाधी आहे त्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ लिहिला तो शके 1110 मध्ये, म्हणजे इसवी सन 1188 च्या सुमारास, असं परंपरा मानते. त्यांच्याबद्दलची आख्यायिका अशी, की जैतपाळ राजाला ब्रह्म ताबडतोब पाहायचं होतं, घोड्यावर बसायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात. ते दाखवू न शकणाऱ्या साधूंना तो कामाला जुंपायचा. मुकुंदराजांनी त्याला रिकिबीत पाय ठेवायला सांगितलं आणि तिथेच त्याची समाधी लागली. करमाडहून पश्चिमेला देवगिरीचा किल्ला. तिथले किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्याकडे एकनाथ हिशेब लिहीत. एका पैची चूक सापडेना म्हणून त्यांनी रात्र जागून काढली, चूक सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, आणि मागे उभे असलेले गुरू म्हणाले की एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची चूक सापडली तर केवढा होईल! तेवढ्या बोलण्याने नाथांचं मन वळलं, असं सांगतात. चौदाशे वर्षांचा योगी चांगदेव कोरा कागद पाठवतो, ज्ञानदेव पासष्ट ओव्यांत त्याला त्याचीच ओळख करून देतात, आणि पुढे तो मुक्ताईला गुरू करतो. या गोष्टी कीर्तनात ऐकत वाढलेल्या माणसांनी थेट मार्गाला परका म्हणू नये.

अगदी जवळच्या काळातलं उदाहरण सिद्धरामेश्वर महाराजांचं. 1888 साली सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरीत जन्मलेले, विजापुरात व्यापाऱ्याकडे हिशेबनीस. त्यांचे गुरू इंचगेरीचे भाऊसाहेब महाराज तासन्‌तास नामध्यान करायला लावत. मुंगीने बुंध्यावरून चढत चढत फळापर्यंत जावं तसा तो पिपीलिका मार्ग. 1914 साली भाऊसाहेब गेले. पुढे सिद्धरामेश्वरांनी विचार केला की पाखरू एका झेपेत त्याच फळावर बसतं, मग विवेकाने तसं का जाता येऊ नये? गुरुबंधूंनी विरोध केला, पण त्यांनी हा पाखराचा, विहंगम मार्ग सोडला नाही. त्यांची रीत साधी आणि कडक होती. स्थूल देह तपासा: हात माझा म्हणता, म्हणजे हात तुम्ही नाही. मन, बुद्धी, इंद्रियं, म्हणजे सूक्ष्म देह तपासा: विचार येतो-जातो, तुम्ही त्याच्या आधीही असता, नंतरही. मग कारण देह, जिथे काहीच आठवत नाही असा गाढ विसर. बहुतेक साधक इथे घाबरून मागे फिरतात, आणि महाराज म्हणत की याच विसरात ठिय्या द्या, कारण ‘काही नाही’ हे जाणणारा कुणीतरी तिथे आहेच. त्यानंतर महाकारण, म्हणजे त्या जाणण्याचीच जाण. दासबोधाचा आधार घेत ते हे हिशेबनिसाच्या बारकाईने मांडत.

1933 साली त्यांच्याकडे खेतवाडीतला एक विडीवाला आला, मारुती शिवरामपंत कांबळी. गुरूने ‘मी आहे’ या जाणिवेला धरून राहायला सांगितलं, त्याने ते धरलं, आणि तीन वर्षांत काम झालं. हेच निसर्गदत्त महाराज. खेतवाडीतल्या घराच्या माळ्यावर ते मराठीत बोलत, दुभाषे इंग्रजी करत, आणि 1973 साली मॉरिस फ्रीडमन यांनी केलेलं ‘आय अ‍ॅम दॅट’ आलं तेव्हापासून साऱ्या जगातून माणसं तो जिना चढली. पैसे मागितले जात नसत. पण वारकरी मंडळींनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट वेगळीच आहे. ‘देह तू नाहीस’ असं बजावणारा हा माणूस रोज ठरल्या वेळी भजनं म्हणत होता. 8 सप्टेंबर 1981 ला ते घशाच्या कर्करोगाने गेले, तोवर गुरूच्या तसबिरीला फूल वाहणं त्यांनी सोडलं नाही. ज्ञान झाल्यावर भक्ती संपते हा समज त्या माळ्यावर तरी नव्हता.

आता अशा शिबिरात प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो, कारण न पाहताच बोलणारे दोन्ही बाजूंना फार आहेत. एक प्रकार 1968 च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स बर्नर यांनी सुरू केला. दोघं समोरासमोर बसतात. एक म्हणतो, “तू कोण आहेस ते मला सांग.” दुसरा पाच मिनिटं बोलतो, पहिला फक्त ऐकतो, मान डोलवायची नाही, ‘हो हो’ म्हणायचं नाही. घंटा वाजली की पाळी बदलते. असं चाळीस मिनिटं, मग जोडीदार बदलून पुन्हा, दिवसभर. पहिल्या फेऱ्यांत माणूस नाव, गाव, नोकरी, जात, आजार सगळं सांगून टाकतो. दुपारपर्यंत सांगण्यासारखं काही उरत नाही. तोंड कोरडं पडतं, रडू येतं, राग येतो. मग कुणाच्या बाबतीत एखाद्या क्षणी बोलणारा मागे पडतो आणि नुसतं असणं उरतं. दुसरा प्रकार डग्लस हार्डिंग या इंग्रजाचा. समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवा, मग आपल्या पायाकडे, पोटाकडे, छातीकडे, आणि शेवटी स्वतःच्या चेहऱ्याकडे. ज्याकडे बोट रोखलंय तिथे तुम्हाला आत्ता काय दिसतंय? आठवणीतला आरशातला चेहरा नको, आत्ता दिसणारं सांगा. तिथे चेहरा दिसत नाही, मोकळी जागा दिसते, आणि त्या मोकळ्या जागेत खोली, माणसं, खिडकीबाहेरचं झाड सगळं मावलेलं असतं. मी हे सत्तरीच्या शेतकऱ्याला करताना पाहिलंय. तो बराच वेळ बोट तसंच धरून बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या पाण्याला खोटं म्हणायची माझी हिंमत नाही.

म्हणून ओळख पटते का, या प्रश्नाला माझं उत्तर ‘हो, पटू शकते’ असं आहे. माझी काळजी चौथ्या दिवसाची आहे.

तेरला गोरोबा कुंभारांच्या घरी संत जमले होते. आजच्या भाषेत ते शिबिरच. ज्ञानदेव होते, मुक्ताई होती, नामदेव होते. मुक्ताईने कोपऱ्यातलं थापटणं पाहिलं आणि विचारलं, काका, हे कशाला? गोरोबा म्हणाले, मडकं पक्कं की कच्चं ते यानं कळतं. मग आम्हालाही तपासा, म्हणाली ती. गोरोबा उठले आणि एकेकाच्या डोक्यावर थापटी मारत गेले. सगळे गप्प बसले, नामदेव कळवळले. हे मडकं कच्चं, असा निकाल लागला. ज्यांच्याशी विठ्ठल बोलतो ते नामदेव! ते रागाने पंढरपूरला गेले, तर देवानेही तेच सांगितलं आणि औंढ्याला विसोबा खेचरांकडे धाडलं. विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. पाय काढा म्हटलं तर म्हणाले, जिथे देव नाही तिथे तूच ठेव. पाय ठेवावा तिथे पिंडी उभी राहू लागली, आणि नामदेवांना जे उमगायचं ते तिथल्या तिथे उमगलं.

या कथेत उमगायला क्षण पुरला. पण आधी प्रेमाची वर्षं होती, मग भर सभेत अपमान होता, आणि नंतर नामदेव पंजाबात घुमानपर्यंत चालत गेले. त्यांची 61 पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत. शिवाय निकाल देणारे गोरोबा कुणाकडून काही घेणार नव्हते. आजच्या शिबिरांत मला हेच थापटणं दिसत नाही. शेवटच्या दिवशी सगळे एकमेकांना मिठ्या मारतात, मार्गदर्शक कौतुक करतो, पुढच्या शिबिराची नोंदणी सुरू होते. ज्याचं पोट या शिबिरांवर आहे त्याने ‘तुम्हाला झालं’ म्हणावं यात तपासणी कुठे आली? आणि ओळख पटली म्हणून सगळं संपत नाही. रमण महर्षींना 1896 साली मदुराईत, सोळाव्या वर्षी, मरणाच्या भीतीतून एका बैठकीत ओळख पटली. त्यानंतर ते तिरुवण्णामलैला गेले आणि चोपन्न वर्षं, देह पडेपर्यंत, अरुणाचल सोडून गेले नाहीत. सुरुवातीची वर्षं जवळपास मौनात गेली.

करमाडच्या लोकांना मला आणखी एक सांगायचंय, आणि ते इथेच सांगायला हवं. 8 मे 2020 च्या पहाटे करमाडजवळच्या रुळांवर 16 मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी मध्य प्रदेशची माणसं. टाळेबंदीत घरी जायला गाडी मिळावी म्हणून भुसावळकडे पायी निघाली होती, थकून रुळांवरच निजली. त्यांच्या भाकरी रुळांवर पसरल्याचं छायाचित्र साऱ्या देशाने पाहिलं. शिबिरात तुम्हाला सांगितलं जाईल की जन्मला कोणी नाही, मेला कोणी नाही, कर्ता कोणी नाही. सिद्धांत म्हणून ते खरं असेल. पण त्या रुळांशी उभं राहून जो माणूस हे वाक्य ढालीसारखं पुढे करील आणि मोकळा होईल, त्याला काहीही कळलेलं नाही, असं मी ठामपणे म्हणतो. काशीची कावड रामेश्वराला नेताना तहानलेल्या गाढवाला गंगा पाजणारे नाथ अद्वैतीच होते. ‘सगळं एकच’ हे ज्याला पटलं त्याला दुसऱ्याची तहान आधी दिसते. शिबिरात ज्या बाया तीस माणसांचा स्वयंपाक करतील, जो गडी संडासाला पाणी भरील, त्यांच्याशी शिबिरार्थी कसे बोलतात ते पाहा. मार्गदर्शकाच्या प्रवचनापेक्षा मला त्यावरून जास्त कळेल.

आणि आरोग्याचा मुद्दा टाळू नका. 2017 साली अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठातल्या जेरेड लिंडाल आणि विलोबी ब्रिटन यांनी ध्यान करणाऱ्यांच्या सविस्तर मुलाखती घेऊन शोधनिबंध छापला. झोप उडणं, घबराट, आपण खरे नाही असं वाटत राहणं, काहींना दवाखान्यात न्यावं लागणं, असे त्रास त्यात नोंदलेत. ‘मी’चा आधार काढून घेणारा प्रयोग सगळ्यांना झेपत नाही. गोएंका गुरुजींनी 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर चालवलेल्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराची विचारणा असते, शुल्क नसतं, आणि दान फक्त शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच घेतात. पद्धत वेगळी असली तरी ही शिस्त उचलण्यासारखी आहे.

तेव्हा करमाडकरांनो, शिबिर जरूर घ्या. जेवणाखाण्याचा खर्च वाटून घ्या, ज्ञानाचे पैसे घेऊ नका, मार्गदर्शकालाही ते आधीच सांगा. मानसोपचाराची औषधं चालू असलेल्याला डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय शिबिरात घेऊ नका. मौन पाळा, पण घरचा फोन अडवू नका. नाराज वारकऱ्यांना आग्रहाने बोलवा, संध्याकाळी हरिपाठ त्यांच्याकडून म्हणून घ्या. शिबिरानंतर सहा महिने महिन्यातून एकदा त्याच शेडमध्ये बसा, आणि त्या बैठकीला प्रत्येकाने बायको, नवरा, आई, भाऊ, जो घरी सोबत राहतो त्याला घेऊन यावं. माणूस बदलला का, हे आधी त्यांना सांगू द्या.