कार्ड आहे, डॉक्टर कुठाय?

'तुमच्याकडे योजना चालते का?' हा प्रश्न मी गेल्या दिवाळीनंतरच्या पाच दिवसांत सतरा वेळा फोनवर विचारला. सतरा हा आकडा अंदाजे नाही, नंतर कॉल लॉग उघडून मोजलाय.

पप्पांचं करमाळ्याला टेलरिंगचं दुकान आहे. मशीनवर बसलं की त्यांना छातीत भरून यायचं. पित्त असेल म्हणून ते सोडा प्यायचे आणि परत कामाला लागायचे. शेवटी आईने ओढत डॉक्टरांकडे नेलं. ईसीजी बघून ते म्हणाले, ''हार्टच्या डॉक्टरला दाखवा, अँजिओग्राफी करून घ्या. लांबवू नका.'' मी पुण्यात हॉस्टेलवर. घरात फोनवर न अडखळता बोलणारी आणि गूगल करणारी मीच, त्यामुळे डॉक्टर शोधायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी हेच होत असणार. आजोबांची पेन्शन, आईचं केवायसी आणि वेळ आली की दवाखानाही.

आमचं रेशनकार्ड केशरी. म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आम्ही बसतो. पप्पा अजूनही तिला 'जीवनदायी'च म्हणतात, कारण २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली होती. २०१७ मध्ये नाव बदललं. आता केंद्राची आयुष्मान भारत योजना आणि ही राज्यात एकत्र चालतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि २०२३ च्या निर्णयानंतर पांढऱ्या कार्डवाल्यांनाही त्यात घेतलंय. कागदावर जवळजवळ अख्खा महाराष्ट्र आत आहे. मग सतरा फोन कशाला लागले?

पहिला फोन पुण्यातल्या एका नावाजलेल्या कार्डिओलॉजिस्टच्या क्लिनिकला. ''सर योजना घेत नाहीत,'' आणि फोन कट. दुसऱ्या ठिकाणी योजना होती, 'पण हार्टसाठी नाही'. तिसऱ्या ठिकाणी हार्टसाठीही होती, पण फक्त बायपास वगैरे ऑपरेशनसाठी, स्टेंटसाठी नाही. तोपर्यंत मला हेही माहीत नव्हतं, की कार्डिओलॉजी आणि हृदयशस्त्रक्रिया हे यादीत दोन वेगळे विभाग असतात आणि एखादं हॉस्पिटल एकात असून दुसऱ्यात नसू शकतं. एका ठिकाणी गोड आवाजात सांगितलं, ''पेशंटला घेऊन या, मग बघू.'' करमाळ्याहून पुण्याला एसटीने यायचं म्हणजे अर्धा दिवस, दुकान बंद, सोबत आई. आणि इथे येऊन 'नाही' ऐकायचं? छातीत दुखणाऱ्या माणसाला 'मग बघू'च्या भरवशावर प्रवास कसा करायला लावायचा?

दोन वर्षं मास कॉमला शिकले, की नेमका प्रश्न विचारला तरच नेमकं उत्तर मिळतं. माझा प्रश्नच चुकत होता. योजना डॉक्टरशी करार करत नाही, हॉस्पिटलशी करते, तेही विभागवार. पहिल्या फोनवरचे ते 'योजना न घेणारे' सर आठवतात? त्यांचंच नाव मला तीन दिवसांनी एका ट्रस्टच्या हॉस्पिटलच्या ओपीडीच्या वेळापत्रकात दिसलं. तिथे ते आठवड्यातून दोनदा सकाळी बसतात आणि तिथे योजना चालते. माणूस तोच, हातही तोच. संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकमध्ये पूर्ण फी, सकाळी ट्रस्टमध्ये योजना. पण हे त्यांच्या क्लिनिकमधली मुलगी सांगणार नव्हती आणि हॉस्पिटलांच्या यादीवरूनही मला कळलं नाही. यादीत हॉस्पिटल सापडतं. कोणता डॉक्टर कोणत्या वारी बसतो, कॅथलॅब सुरू आहे की बंद, हे पुन्हा फोन करूनच शोधायचं.

दुसरी गोष्ट मला बाराव्या-तेराव्या फोनला समजली. रिसेप्शनला विचारायचंच नाही, 'आरोग्यमित्रांना जोडून द्या' म्हणायचं. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये हा माणूस नेमलेला असतो, कागद बघणं आणि नोंदणी त्याच्याकडेच. आम्हाला भेटलेल्या आरोग्यमित्राने दोन मिनिटांत सांगितलं की रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का बघा, ईसीजीचा कागद आणा आणि मंगळवारी सकाळी या. एवढी दोन मिनिटं मिळायला मला चार दिवस लागले. (योजनेची हेल्पलाइन १५५३८८ आणि आयुष्मानची १४५५५. आत्ताच सेव्ह करून ठेवा, गरज पडल्यावर शोधायला डोकं चालत नाही.)

डॉक्टरांची बाजू नाहीच असं नाही. योजनेत प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला असतो, तो परवडत नाही आणि पैसे उशिरा येतात, ही खासगी हॉस्पिटलांची जुनी तक्रार आहे. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, आणि दर वाढवायचे असतील तर सरकारने जरूर वाढवावेत. पण मग हॉस्पिटलने सरळ 'आमच्याकडे नाही' म्हणावं. मला राग नकाराचा नाही, टोलवाटोलवीचा आहे. योजनेत राहायचं, दारावर बोर्ड लावायचा आणि पेशंट आला की 'या आठवड्यात बेड नाही' म्हणायचं. एका ठिकाणी तर मला समजावलं गेलं की योजनेतला स्टेंट 'साधा' असतो, 'चांगला' हवा तर वरचे पैसे भरा. योजना कॅशलेस आहे, असे वरचे पैसे मागताच येत नाहीत. शिवाय स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून केंद्र सरकारची कमाल मर्यादा आहे. पण बाप आत झोपलेला असताना 'साधा' हा शब्द कानावर पडला, तर किती पोरं वाद घालतील? बहुतेक जण कर्ज काढतील. मीही मनात आत्याच्या बांगड्यांपर्यंत पोचले होते.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की नुसती हॉस्पिटलांची यादी पुरत नाही. कोणत्या हॉस्पिटलात कोणत्या विभागाचा डॉक्टर कोणत्या वारी योजनेचे पेशंट बघतो, हे हॉस्पिटलने दर आठवड्याला जाहीर करायची सक्ती हवी, दारावर आणि वेबसाइटवर, मराठीत. सिनेमाचं तिकीट काढताना कोणत्या रांगेतली कोणती खुर्ची रिकामी आहे हे मला दिसतं. हार्टचा डॉक्टर मंगळवारी आहे की नाही, हे का दिसू नये?

आमचं पुढे नीट झालं. मंगळवारी पप्पांना दाखवलं, अँजिओग्राफीत एक नस नव्वद टक्के बंद निघाली, मंजुरी आली आणि स्टेंट बसला. दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत आमच्याकडून एक रुपया घेतला नाही. त्याआधीच्या तपासण्या, तपासणी फी आणि गाडीभाडं यात चार हजारांच्या आसपास गेले, ते आमचे. डिस्चार्जच्या दिवशी पप्पा मला म्हणाले, ''एवढं सोपं होतं तर तू पाच दिवस काय करत होतीस?''

पुढच्या महिन्यात त्यांचं फॉलोअप आहे. परवा वेळ विचारायला फोन केला, तर कळलं की आमच्या डॉक्टरांनी त्या हॉस्पिटलमध्ये बसणं बंद केलंय. नवीन कधी येणार, ते अजून नक्की नाही. कॉल लॉग पुन्हा उघडलाय.